नरक्या, रतांबा आणि आपण

गेल्या वर्षीची गोष्ट. पाऊस तोंडावर आला होता. आमचे शेजारी तात्या संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन वर्ष झाले होते. रोग यकृतापर्यंत पोचल्याचे नंतर कळले आणि तेव्हापासून ते दर पंधरा दिवसांनी गोव्यातल्या इस्पितळात सलाईनमधून औषध घ्यायला जात होते. मालवणहून पहाटे निघायचे आणि रात्री परतायचे. पुढचे चार दिवस जुलाब आणि अशक्तपणा ठरलेला. माणूस अर्धा झाला होता.

त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. कोणीतरी पाठवलेला संदेश होता. सह्याद्रीत नरक्या नावाचे झाड आहे, त्याची साल पाण्यात उकळून सकाळ-संध्याकाळ घेतली तर कर्करोग मुळासकट जातो, परदेशी कंपन्या हे झाड गुपचूप घेऊन जातात आणि आपल्याला मात्र केमो देऊन लुबाडतात, असा मजकूर. शेवटी, हा संदेश दहा जणांना पाठवा.

तात्या म्हणाले, "मास्तरानू, तुमची आंबोलीत वळख आसा मा? माका मूठभर नरक्याची साल व्हयी."

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवले. त्यामुळे मला औषधातलेही कळते, असा आमच्या वाडीत समज आहे. तो खरा नाही. पण त्या संध्याकाळी मी तात्यांना नुसते "नको" म्हणू शकलो नाही. कारण त्या संदेशात सगळेच खोटे नव्हते. नरक्यात कर्करोगावर चालणारे द्रव्य आहे, हे खरे आहे. ते झाड गुपचूप नेले जाते, हेही खरे आहे. खोटे होते ते मधले वाक्य, साल उकळून पिण्याचे. आणि अशा मधल्या वाक्यानेच माणूस मरतो, झाडही मरते. आजचा लेख त्याबद्दल आहे.

नरक्या काही दुर्मीळ, कोणी न पाहिलेली वनस्पती नव्हे. आंबोलीपासून राधानगरी, कोयना, महाबळेश्वरपर्यंतच्या सदाहरित जंगलात तो इतर झाडांच्या सावलीत वाढतो. मध्यम उंचीचे, साधे दिसणारे झाड. त्याच्या फुलांना आणि लाकडाला घाण वास येतो, म्हणून त्याचे असे नाव पडले. शास्त्रज्ञांनीही पूर्वी त्याला दुर्गंधी या अर्थाचेच लॅटिन नाव दिले होते. त्याचे आताचे शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. गावकऱ्यांना त्याचा फारसा उपयोग नव्हता. घराला चालत नाही, जळणाला वास येतो. म्हणून ते पिढ्यानपिढ्या वाचले. गंमत अशी की या नरक्याचेच दुसरे नाव 'अमृता' आहे.

त्यातले द्रव्य म्हणजे कॅम्प्टोथेसिन. त्याच्या शोधाची कथा आपल्या मुलांना शाळेत का सांगत नाहीत, हे मला आजवर कळलेले नाही. मनसुख वाणी नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होऊन गेले. जन्म १९२५चा, नंदुरबारचा. शिक्षण मुंबई विद्यापीठात. पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून १९६२ साली डॉक्टरेट घेऊन ते उत्तर कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. या दोघांच्या चमूने १९६६ साली चीनमधल्या 'शी शू' म्हणजे आनंदवृक्ष या झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे काढले आणि त्याची रचना मांडली. त्यानंतर १९७१ साली त्यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या य्यू नावाच्या झाडाच्या सालीतून काढलेल्या टॅक्सॉलची रचना मांडली. आज जगभर स्तनाच्या आणि बीजाशयाच्या कर्करोगावर दिले जाणारे औषध ते हेच. दोन झाडे, दोन द्रव्ये, आणि दोन्हींच्या शोधात एक नंदुरबारचा माणूस.

मग १९७२ साली मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात, टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी दाखवून दिले की चीनच्या झाडातले हेच द्रव्य आपल्या नरक्यातही आहे, तेही चांगल्या प्रमाणात. 'चांगल्या' म्हणजे किती? वाळलेल्या लाकडात शेकडा अर्धा भागही नव्हे. पोतेभर लाकडातून काही ग्रॅम. हा आकडा ध्यानात ठेवा. पुढची सगळी तोड या आकड्यातून झाली आहे.

आता त्या मधल्या वाक्याकडे येऊ. झाडात औषध आहे म्हणजे झाड औषध आहे, असे आपण समजतो. नदीच्या वाळूत सोन्याचे कण असतात म्हणून कोणी वाळूचे मंगळसूत्र घालत नाही. कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. प्रयोगशाळेत ते काढायचे तर लाकडाचा भुगा मिथेनॉलसारख्या द्रावकात भिजवावा लागतो, ते द्रावक आटवावे लागते, क्लोरोफॉर्मसारख्या दुसऱ्या द्रावकाने नको ती द्रव्ये बाजूला काढावी लागतात आणि उरलेल्यातून स्फटिक मिळवावे लागतात. म्हणजे काढ्याच्या कपात बहुधा यातले फारच थोडे उतरते. आणि जे उतरते ते किती, हे कोणालाच सांगता येत नाही. आज उतरले नाही म्हणून माणूस उद्या दुप्पट साल टाकतो. एखाद्या दिवशी भलतेच काहीतरी उतरते.

बरे, शुद्ध द्रव्य हाती आले म्हणजे तरी औषध झाले का? तसेही नाही. पाण्यात विरघळावे म्हणून १९७०च्या सुमारास त्याचा क्षार करून अमेरिकेत रुग्णांना देऊन पाहिला. काहींच्या लघवीतून रक्त जाऊ लागले, रक्तातल्या पेशी घटल्या. त्या चाचण्या १९७२च्या सुमारास थांबवल्या गेल्या. ते द्रव्य जवळजवळ विसरले गेले. १९८५ साली ते शरीरात नेमके काय करते याचा उलगडा झाला, तेव्हा त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेले.

ते काय करते, हे आमच्या मालवणच्या माणसाला सांगणे सोपे आहे. होडीच्या दोराला फार पीळ बसला तर आपण काय करतो? एक पेड मोकळा करतो, पीळ सोडतो, पेड पुन्हा बसवतो. पेशी दोन होण्यापूर्वी तिच्यातल्या डीएनएच्या दोरालाही असाच पीळ बसतो. तिथे एक विकर येऊन एक पेड कापते, पीळ सुटला की पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके कापल्यानंतर आणि जोडण्यापूर्वी मध्ये जाऊन अडकते. पेड तुटलेलाच राहतो आणि पेशी मरते. जी पेशी जास्त वेगाने वाढते ती जास्त मरते, म्हणून कर्करोगाच्या पेशी मरतात. पण आतड्याच्या अस्तराच्या आणि रक्त तयार करणाऱ्या पेशीही वेगानेच वाढतात. त्याही मरतात. तात्यांचे जुलाब आणि अशक्तपणा त्यातलाच.

हे कळल्यावर शास्त्रज्ञांनी कॅम्प्टोथेसिनच्या रेणूत थोडे फेरफार करून दोन औषधे तयार केली, टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन. दोन्हींना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे झाडातून द्रव्य काढल्यापासून ते रुग्णाच्या शिरेत जाईपर्यंत तीस वर्षे लागली. त्या तीस वर्षांत एक चुकीची वाट, अनेकांचे हाल आणि असंख्य मोजमापे आहेत. 'साल उकळून प्या' असे लिहिणारा माणूस ही तीस वर्षे एका वाक्यात ओलांडतो.

मी हे तात्यांना जमेल तसे सांगितले. त्यांनी मान हलवली. आठवड्याने पाहतो तर त्यांच्या पडवीत वर्तमानपत्रात बांधलेली सालीची पुडी. घाटावरून येणाऱ्या कोणीतरी दिली होती, पैसे घेऊन. ती नरक्याची होती का? मला ओळखता आले नाही. देणाऱ्यालाही येत असेल का, शंका आहे. वाळलेली साल सगळी सारखीच दिसते. आपल्याकडे काजरा बांधाबांधावर आहे. त्याच्या बियांत स्ट्रिक्निन आणि सालीत ब्रुसिन असते. वैद्य त्याला कुचला म्हणतात, हकीम अझाराकी म्हणतात, आणि दोघेही शुद्ध केल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. जुन्या वैद्य-हकिमांना झाडाचा मान होता तशी झाडाची भीतीही होती. मोबाईलवरच्या वैद्याला फक्त 'पाठवा' हे बटण माहीत आहे.

मी एवढेच म्हटले, "तात्यानू, पुढच्या खेपेक ही पुडी डॉक्टरांका दाखवा. मगे काय ता ठरवा." तात्यांनी ऐकले, हे माझे नशीब. डॉक्टर बाई समजूतदार होत्या. त्या रागावल्या नाहीत. सलाईनच्या बाटलीवरचे नाव त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिले आणि म्हणाल्या, तुमच्या शेजारच्या मास्तरांना दाखवा. चिठ्ठीवर लिहिले होते, इरिनोटिकॅन. जी साल शोधत तात्या फिरत होते, तिच्यातल्याच द्रव्याचे औषध गेले काही महिने त्यांच्या शिरेत जात होते. मोजून, पारखून, त्यांच्या वजनाच्या आणि उंचीच्या हिशोबाने.

इथे लेख संपवता आला असता. पण मग अर्धेच खरे सांगितल्यासारखे होईल. तात्यांच्या बाटलीची दुसरी बाजू आमच्या जंगलात आहे.

पोतेभर लाकडातून काही ग्रॅम, हा आकडा लक्षात ठेवायला मी सांगितले होते. औषधाला मान्यता मिळाली, मागणी वाढली आणि सह्याद्रीत नरक्यावर कुऱ्हाड पडली. खोडात आणि मुळात द्रव्य जास्त, म्हणून झाड नुसते कापत नाहीत, मुळासकट उपटतात. त्याचे तुकडे करून, वाळवून, पोत्यांत भरून ट्रकने बाहेर पाठवतात. घाटातल्या नाक्यांवर वनखात्याने असा माल पकडल्याच्या बातम्या आपल्या स्थानिक वर्तमानपत्रांत अधूनमधून येतातच. नरक्या कापला तर बुंध्यातून पुन्हा फुटतो, पण मूळच काढले तर फुटणार कोठून? जे झाड कोणाच्या कामाचे नव्हते म्हणून मुबलक होते, ते कामाचे ठरल्यावर एका पिढीत धोक्यातल्या वनस्पतींत जाऊन बसले.

यात वाईट माणसे फक्त तस्कर, असे म्हणून आपण सुटू पाहतो. पण सिंधुदुर्गातले बरेचसे जंगल सरकारी नाही, खासगी आहे. आंबोली, चौकूळ, गेळे इथल्या कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न तर कित्येक वर्षे रखडला. सामाईक सातबारा, पंचवीस नावे, त्यातली अर्धी मुंबईला. अशा जमिनीतून उत्पन्न काय? दहा-बारा वर्षांनी एकदा ठेकेदाराला तोड द्यायची आणि आलेले पैसे वाटून घ्यायचे. ठेकेदार किंजळही नेतो, ऐनही नेतो आणि त्याच्याआड नरक्याही नेतो. मालकाला जळाऊ लाकडाचा भाव मिळतो. तोडणाऱ्याला रोजची मजुरी मिळते. त्या लाकडातून निघणाऱ्या द्रव्याचा जगाच्या बाजारातला भाव दोघांच्याही कानावर येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली. ती आवश्यकच होती. पण ज्याच्या घरात त्या जंगलातून दुसरे काहीच येत नाही, त्याच्यासाठी बंदी म्हणजे फक्त आणखी एक अडचण. तो झाड राखेल तर कशासाठी?

माझे म्हणणे इथून सुरू होते. झाडातून औषधी द्रव्ये काढावीत का, हा प्रश्न नाही. काढावीतच. तात्यांसारखी लाखो माणसे त्यावर जगतात. प्रश्न हा आहे की झाडाचा कोणता भाग काढायचा, आणि काढलेल्याचे मोल कोणाच्या हाती पडायचे. या दोन प्रश्नांची उत्तरे चुकली की औषध सापडणे हा झाडाला शाप ठरतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाणींच्याच दुसऱ्या शोधाने देऊन ठेवले आहे. टॅक्सॉल य्यूच्या सालीत होते. साल काढली की झाड मरते, आणि एक किलो टॅक्सॉलला सुमारे तीन हजार झाडांची साल लागते असा हिशोब तेव्हा मांडला जात होता. अमेरिकेत त्यावर मोठा वाद झाला. हिमालयातला आपला य्यूही पाने आणि सालीसाठी इतका ओरबाडला गेला की १९९५ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. वाट काढली ती फ्रान्समधल्या रसायनशास्त्रज्ञांनी. युरोपातल्या य्यूच्या पानांतून एक जवळचे द्रव्य काढायचे आणि प्रयोगशाळेत त्याचे टॅक्सॉल करायचे. पाने खुडली तरी दुसऱ्या वर्षी पुन्हा येतात. पुढे तर य्यूच्या पेशी टाकीत वाढवून औषध मिळू लागले. झाड उभे राहिले, औषधही मिळाले.

दुसरे उदाहरण आपल्या किनाऱ्याला जवळचे आहे. मालवण, देवबाग, वेंगुर्ला, कुठल्याही किनाऱ्यावर जा, उंडीचे झाड दिसेल. तिच्या बियांचे कडू तेल आपल्या आज्या दिव्याला आणि दुखऱ्या सांध्यांना वापरत. या उंडीची एक बहीण मलेशियातल्या सारावाक राज्यात आहे. १९८७ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी तिथून नमुने नेले. एका झाडाच्या नमुन्यात एचआयव्हीला रोखणारे द्रव्य सापडले, त्याला कॅलानोलाइड म्हणतात. आणखी नमुना आणायला माणसे पुन्हा गेली तर ते झाड तोडलेले होते. त्याच जातीच्या दुसऱ्या झाडांत ते द्रव्य तसे मिळेना. शेवटी त्याच कुळातल्या दुसऱ्या एका झाडाच्या चिकात जवळचे द्रव्य सापडले आणि चीक झाड न तोडता काढता येतो. सारावाक सरकारने पुढे अमेरिकी कंपनीबरोबर निम्म्या भागीदारीची कंपनी काढली. ते औषध अजून बाजारात आलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण ज्यांचे झाड त्यांचा वाटा, हे तत्त्व तिथे कागदावर उतरले.

नरक्याच्या बाबतीतही वाटा आहेत. पानांत आणि कोवळ्या फांद्यांत द्रव्य कमी असते, पण फांदी दरवर्षी येते. बुंधा राखून छाटणी करता येते. रोपे करून लागवड करता येते. २००५ साली जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी वेगळी काढली. ती झाडाबाहेरही कॅम्प्टोथेसिन तयार करते. अशा बुरश्या प्रयोगशाळेत वाढवत गेले की हळूहळू त्यांचे उत्पादन मंदावते, ही अडचण आहे. पण वाट तर दिसली. जोपर्यंत उपटलेले झाड सगळ्यात स्वस्त आहे, तोपर्यंत या वाटांवरून कोणी चालणार नाही. ते महाग करणे हे कायद्याचे काम.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे मोल कोणाच्या हाती या प्रश्नाचे, उत्तर शोधायला मला लांब जावे लागत नाही. ते माझ्या परसात उभे आहे. रतांबा.

रतांब्याला कोणी औषधी झाड म्हणून पूजत नाही. तो आमच्या रोजच्या कढीत असतो. साल सुकवून सोले होतात, पावसाळ्यात बी वाटून उकळून मुठेल निघते, ते भेगाळलेल्या टाचांना लावतात. आता आधुनिक शास्त्र काय सांगते पाहा. या सालीत गार्सिनॉल आहे, त्यावर जगभर प्रयोगशाळांत काम चालू आहे. हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल आहे, ज्याच्या गोळ्या वजन उतरवायला विकल्या जातात. या गोळ्यांनी वजन उतरते याचा पुरावा भक्कम नाही, आणि रतांब्याच्या दक्षिणेकडच्या भावाच्या अर्काने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे इथेही नरक्याचाच धडा. कढीतला सोल वेगळा आणि अर्काची गोळी वेगळी. बीचे तूप मलमांना आधार म्हणून चालते, आणि युरोपीय संघाच्या २०००च्या चॉकलेट नियमांत कोको बटरबरोबर मिसळायला ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्धांना परवानगी आहे त्यांत कोकमाचे नाव आहे. आमचे मुठेल!

या सगळ्यात झाडाला कुऱ्हाड लागत नाही. फळ पडते, आपण वेचतो. २०१६ साली सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' नावाचे वाण दिले. नाव पाहा, नरक्याचेच दुसरे नाव. पण दरवर्षी मे अखेरीस मी काय पाहतो? वळवाचा पाऊस लवकर येतो, सोले सुकायची राहतात, झाडाखाली रतांब्यांचा लाल चिखल होतो. बी गोळा करणारा दलाल दारात येतो, पायलीवर घेतो, आणि त्याचे शुद्ध तूप दुसऱ्याच कुठल्या राज्यातल्या कारखान्यात होते. काजूचेही तेच. आमच्या कारखान्यांतली टरफले एक तर भट्टीत जातात, नाही तर तेल काढायला बाहेर. त्या तेलातली द्रव्ये रंगांपासून ब्रेकच्या अस्तरापर्यंत लागतात आणि औषधशास्त्रातही अभ्यासली जातात. आपण कच्चे विकतो आणि पक्के विकत घेतो. नरक्याचे पोते आणि रतांब्याचे बी, दोन्ही इथून एकाच भावनेने जाते, 'चला, तेवढेच चार पैसे.'

म्हणून कायद्याकडे वळले पाहिजे. २००२ साली आपल्याकडे जैवविविधता कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकांच्या माहितीने गावाची जैवविविधता नोंदवही करायला हवी. गावातल्या वनस्पतीतून व्यापारी फायदा काढणाऱ्याने राज्य मंडळाला कळवायचे, फायद्याचा वाटा द्यायचा. २०१४च्या नियमांत हा वाटा कारखान्याच्या विक्रीवर शेकडा ०.१ ते ०.५ इतका ठरवला होता. देशी कंपन्यांना हे लागू नाही, असा युक्तिवाद एका नामांकित औषध कंपनीने केला. उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८मध्ये तो फेटाळला. लोकांचे ज्ञान आणि लोकांचे जंगल वापरायचे तर देशी असो वा परदेशी, वाटा द्यावा लागेल.

२०२३च्या दुरुस्तीने मात्र हे दार बरेच किलकिले केले. ग्रंथांत नोंदलेले पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना आणि आयुषच्या वैद्यांना सूट मिळाली. भंग केल्यास तुरुंगाऐवजी एक लाख ते पन्नास लाखांचा दंड आला. वैद्याला रोजच्या कामात कागदपत्रांचा त्रास नको, हे मलाही पटते. पण मोठ्या कारखान्याला पन्नास लाख म्हणजे काय, आणि ग्रंथात नाव असलेल्या झाडाचे जंगल राखणाऱ्याला मग काय मिळणार, याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

सरकारला नावे ठेवणे सोपे आहे. मी माझ्या गावाकडेही बोट दाखवतो. किती ग्रामपंचायतींच्या नोंदवह्या लोकांना विचारून झाल्या, आणि किती टेबलावर बसून भरल्या गेल्या? त्यात नरक्या आहे का? कोणत्या जंगलात किती झाडे उरली, ते कोणी मोजले? सड्यावरच्या गुराख्याला विचारले का? ग्रामसभेत रस्ता आणि नळयोजनेवर आपण तासभर भांडतो, ते भांडायलाच हवे. पण वर्षातून एक ग्रामसभा झाडांवर होऊ द्या. सामाईक जंगलाची तोड द्यायची तर करारात लिहा, नरक्याला हात लावायचा नाही. मुळे काढायची नाहीत. शाळेतल्या मुलांना घेऊन नरक्याच्या बिया गोळा करा, रोपे करा. आणि मेच्या अखेरीला वाडीत एक सामाईक वाळवणयंत्र असू द्या, बचत गटाच्या बायांच्या हाती. रतांब्याचे मोल वाचले तर नरक्या तोडायची पाळी आपोआप कमी येईल. ज्याला उभ्या झाडातून दरवर्षी काहीतरी मिळते, तो झाड विकत नाही. हा अर्थशास्त्राचा सिद्धांत नसेल, पण आमच्या परसातला आहे.

आणि एक विनंती जे मोबाईलवर असे संदेश पुढे ढकलतात त्यांना. तुमच्या एका बोटाने तीन गोष्टी होतात. एखादा रुग्ण चालू औषध सोडतो. एखादा भामटा भलतीच साल विकतो. आणि जंगलात आणखी एक झाड सोलले जाते. तुम्ही ते प्रेमाने पाठवता, मला माहीत आहे. तात्यांनाही ते त्यांच्या सख्ख्या भाच्यानेच पाठवले होते.

तात्यांची औषधाची फेरी या दिवाळीत संपली. रोग गेला असे डॉक्टर म्हणत नाहीत, थांबला आहे असे म्हणतात. पुढे काय, ते कोणालाच ठाऊक नाही. ती सालीची पुडी त्यांनी अजून टाकलेली नाही, पडवीच्या वाशात खोचून ठेवली आहे. परवा मी विचारले, "ही कित्याक ठेवल्यात?" तर म्हणाले, "झाड तुटलाच मा, मास्तरानू. टाकूक जीव होत नाय."

त्यांना कळले ते आपल्या सगळ्यांना कळावे, एवढेच मागणे आहे.